मिशेल गोंद्रीची म्युझिक व्हिडिओंची डीव्हीडी, ताशा-ढोल वाजवणाऱ्यांनी तर बघाच

गेल्या महिन्यात मावसभावाने ही डीव्हीडी आणून दिली, त्याच्या मित्राच्या घरचं सामान आवरताना निघाली म्हणे. 'द वर्क ऑफ डायरेक्टर मिशेल गोंद्री', गोंद्री म्हणजे फ्रेंच दिग्दर्शक, पाम पिक्चर्सने २००३ ला काढलेली, म्हणजे वीस वर्षांहून जुनी वस्तू. याच सिरीजमध्ये स्पाइक जोन्झ आणि ख्रिस कनिंगहॅम या दिग्दर्शकांची पण एकेक आहे पण त्या मी बघितलेल्या नाहीत, त्यामुळे फक्त हिच्याबद्दल लिहिते. आमचा डीव्हीडी प्लेअर कधीच बंद पडलाय, शेवटी काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावली, रविवारी दुपारी जेवण करून बसले ते सरावाला जायची वेळ झाली तेव्हाच उठले.

मी फिल्मबिल्म काही शिकलेली नाही. मी पथकात ताशा वाजवते, आठ वर्षं झाली. नाशिकला वाकडी बारवपासून रामकुंडापर्यंत विसर्जनाची मिरवणूक एकदा वाजवत गेलात ना की एक सवय लागते, काहीही कानावर पडलं की आत आपोआप मोजणं सुरू होतं, मग ते गाणं असो, मिक्सर असो नाहीतर पाण्याची मोटर असो. या माणसालाही तीच सवय आहे हे मला दुसऱ्या-तिसऱ्या व्हिडिओलाच जाणवलं, आणि पुढे बघते तर खरंच, हा मुळात ड्रमर! वी वी नावाच्या फ्रेंच बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि बँडचे व्हिडिओ पण हाच करायचा, त्यातला एक आइसलँडची गायिका ब्योर्कने बघितला आणि 'ह्यूमन बिहेविअर'साठी याला बोलावलं, १९९३ ची गोष्ट. आजोबा पण याच क्षेत्रातले, क्लॅव्हिओलिन नावाचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड त्यांनी बनवला, सिंथेसायझर यायच्या कितीतरी आधी.

त्याची स्टाईल म्हणजे काय असं विचारलं की लोक लेगो सांगतात, पुठ्ठ्याचे आणि कापडाचे सेट सांगतात, स्वप्नं सांगतात. ते आहेच, फू फायटर्स बँडच्या 'एव्हरलाँग'मध्ये त्या माणसाचा हात फुगत फुगत केवढा मोठा होतो ते बघून मी दचकलेच. पण मला विचाराल तर त्याची खरी ओळख मोजणीत आहे. गाण्यात जे वाजतंय ते एकेक करून वेगळं काढायचं, आणि प्रत्येकाला डोळ्याला दिसेल असं काहीतरी द्यायचं.

सगळ्यात स्पष्ट दिसतं ते डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीच्या 'अराउंड द वर्ल्ड'मध्ये (१९९७). एक गोल स्टेज, मागे पायऱ्या आणि नाचणाऱ्यांचे पाच गट, बस्स, गोष्ट वगैरे काही नाही. रोबो म्हणजे तो मशीनसारखा आवाज, तो गात असतो तेव्हा हे गोल गोल चालतात. उंच, बारक्या डोक्याचे खेळाडू म्हणजे बेस, बेसचा सूर वर गेला की हे पायरी चढणार, खाली आला की उतरणार. पोहायच्या ड्रेसमधल्या मुली म्हणजे कीबोर्ड, सांगाडे म्हणजे गिटार, आणि पट्ट्या गुंडाळलेल्या ममी म्हणजे ड्रम मशीन. डान्स ब्लांका लीने बसवलाय. मी हे गाणं आधी शंभरदा ऐकलं असेल, बेस इतका वर-खाली पळतो हे मला त्या पायऱ्यांमुळे कळलं, खोटं नाही सांगत. मग तोच व्हिडिओ मी आवाज बंद करून लावला आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला, तर गाणं बरोब्बर समेवर आलं. आवाज नसताना! हे ज्याला जमतं त्याला मी दिग्दर्शक म्हणण्याआधी वादक म्हणेन.

आमच्या पथकाचं बघा ना. ढोल, ताशा, झांज, टोल (ठोकायची धातूची तबकडी), ध्वज, पाच वेगळ्या गोष्टी चालू असतात, आणि मोबाईलवर शूट करणारे सगळे ड्रोन उडवून वरून एक भगवा ठिपक्यांचा चौकोन काढतात आणि मग ढोलाचं टिपरू स्लो मोशनमध्ये. तीन नंबरच्या हातात (हात म्हणजे आमचा ठरलेला ठेका) ताशा थांबतो आणि टोल एकटा बोलतो, ती जागा कुणाच्या व्हिडिओत मला आजपर्यंत दिसली नाही. हे बघून फार आतून वाटलं की आपलं किती वाया जातंय.

कायली मिनोगचं 'कम इनटू माय वर्ल्ड' (२००२) पॉप आवडणाऱ्यांनी आधी बघावं. पॅरिसच्या बाजूचा एक साधा चौक, ती चालत चालत चौकाला एक फेरी मारते, पहिल्या जागी परत येते, तर तिथून दुसरी कायली निघालेली! मग तीन, मग चार, आणि मागची माणसं पण डबल-तिबल होत जातात, भांडणारे भांडतायत, शिडीवाला चढतोय, शेवटी नुसता गोंधळ, पण एकही जण दुसऱ्याला धडकत नाही. कॅमेरा मोशन कंट्रोलवर, म्हणजे मशीन दर फेरीला अगदी त्याच रस्त्याने त्याच वेगाने फिरवतं, आणि मग सगळ्या फेऱ्या एकावर एक बसवायच्या. कॅमेऱ्याचं ठीक आहे हो, पण बाईंना दर वेळी कुठे पाऊल टाकायचं ते सेकंदाच्या हिशोबात पाठ ठेवावं लागलं असणार. आणि गाणं पण तसंच आहे, तेच कडवं फिरून येतं आणि प्रत्येक वेळी थोडं भरत जातं, म्हणून ती युक्ती वरून चिकटवलेली वाटत नाही.

माझा सगळ्यात आवडता मात्र केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक जोडीचा 'स्टार गिटार' (२००२). बँड नाही, डान्स नाही, फक्त रेल्वेची खिडकी. पहिल्यांदा बघताना वाटतं कुणीतरी प्रवासात सहज शूट केलंय. मग अर्ध्या मिनिटाने लक्षात येतं की बीट पडतोय तिथेच खांब येतोय, तो दुसरा आवाज आला की तीच इमारत परत येतेय, आणि अंगावर काटा येतो. शूटिंग खरंच फ्रान्समधल्या ट्रेनमधून केलंय, नीम ते व्हॅलन्स, तोच प्रवास दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दहादा करून, म्हणजे प्रत्येक वेळचा उजेड मिळावा. आणि प्लॅनिंग कसं केलं तर आलेख कागदावर, आणि टेबलावर संत्री, काटेचमचे, कॅसेट, पुस्तकं, बूट मांडून, एकेका आवाजाला एकेक वस्तू. संत्री! आम्ही नवीन मुलांना हात शिकवताना शेंगदाणे मांडायचो त्याची आठवण झाली.

परवा पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाताना मी कानात हेच गाणं लावून बसले. नाशिकरोड सुटलं की देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी, घोटी, आणि विजेचे खांब ठराविक अंतराने येत राहतात, मधेच गाडी वेग घेते की ठेका दुगणीत जातो. इगतपुरीच्या पुढे कसाऱ्याच्या घाटात बोगदा आला की सगळं काळं, गाण्यात गॅप टाकल्यासारखं. इतकी वर्षं त्या खिडकीत बसून मी फक्त मोबाईल बघत होते.

बाकीचे भराभर सांगते. व्हाइट स्ट्राइप्स या रॉक बँडचा लेगोवाला, आधी साधं शूटिंग करून मग त्यावरून ठोकळ्यांची फ्रेम न् फ्रेम लावलेली, गाणं दोन मिनिटांचं सुद्धा नाही पण मेहनत बघा. त्यांचाच 'हार्डेस्ट बटन टू बटन', ३२ एकसारखे ड्रमसेट न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ओळीने, एका ठोक्याला एक सेट, हा वाजवणाऱ्यांसाठी सक्तीचा. सिबो मात्तो बँडच्या 'शुगर वॉटर'मध्ये स्क्रीनचे दोन भाग, एक सरळ चालतो एक उलटा आणि मधे दोघांची गाठ पडते, ते समजायला मला तीनदा बघावं लागलं.

नावडलेलं पण सांगते. ब्योर्कच्या 'बॅचलरेट'मध्ये पुस्तकात नाटक आणि नाटकात परत नाटक, तिथे कल्पना गाण्यापेक्षा मोठी होते आणि मी गाणं ऐकायचंच विसरले. आतली 'आय हॅव बीन ट्वेल्व्ह फॉरेव्हर' ही डॉक्युमेंटरी सुंदर आहे पण लांब आहे आणि गोंद्रीचं इंग्लिश इतकं फ्रेंच वळणाचं आहे की मागे घेऊन घेऊन ऐकावं लागतं. आणि २००३ नंतरचं काम यात अर्थातच नाही. बरेचसे व्हिडिओ आता यूट्यूबवर आहेतच, पण एकापाठोपाठ एक बघितल्याशिवाय त्याचं डोकं कसं चालतं ते कळत नाही, म्हणून मिळाली तर डीव्हीडीच घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

हे सगळं मला इतकं का लागलं तर मावसभावाचं पहिलं अहिराणी गाणं. पैसे साठवून एका ओळखीच्यांकडून शूट करून घेतलं, गंगापूर धरणावर ड्रोन, द्राक्षाच्या बागेत हिरोईन, भाड्याची गाडी, सगळं आलं. गाण्याच्या मधे त्याने स्वतः वाजवलेला संबळाचा तुकडा होता, सोळा मात्रांचा, त्या तुकड्यावर दिसते काय तर गाडीचं चाक. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्यांदा ते त्याने कुणाला दाखवलं नाही.

डीव्हीडी संपल्यावर आम्ही दोघांनी धाकट्या बहिणीची आलेखाची वही घेतली आणि त्याचं नवीन गाणं मांडायला बसलो, एक चौकोन म्हणजे एक मात्रा, वरच्या ओळीत संबळ, खाली ढोलकी, खाली आवाज. रात्री दीड वाजला. संबळाला गोदाघाटाच्या पायऱ्या दिल्यात, पहाटे गर्दी व्हायच्या आत शूट करायचं, मोबाईलवरच, कॅमेरा एका जागी, कुणी हलवायचा नाही. पथकातले सहा जण तयार आहेत, झांजेसाठी अजून दोघं हवीत, ठेका पक्का असणारी.