थायलंडची शाळा की हनोईचं सेंटर : इंग्रजी शिकवायला जाताय, मग खेळायचं कधी?

लातूर, नांदेड, संभाजीनगरहून इंग्रजी शिकवायला बाहेर पडणाऱ्यांसमोर थायलंड आणि व्हिएतनाम हे दोन पर्याय हमखास येतात. पगाराची आणि व्हिसाची चौकशी सगळेच करतात. तास संपल्यावर मैदानावर जाता येईल का, हे फारसं कुणी विचारत नाही. ज्याला रोज घाम गाळल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने हे आधी विचारावं. खेळ दोन्हीकडे भरपूर आहेत, फरक पडतो तो वेळापत्रकाने.

थायलंडच्या सरकारी शाळेत रोज सकाळी ८ वाजता झेंडावंदन असतं, त्यामुळे शिक्षकाला त्याआधीच हजर राहावं लागतं. दुपारी ४-४:३० ला सुटका होते. बँकॉकमध्ये सूर्य डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये पावणेसातच्या. म्हणजे शाळा सुटल्यावर तास-दोन तास उजेड मिळतो आणि शनिवार-रविवार मोकळे. व्हिएतनामची राजधानी हनोईतली बरीचशी कामं खासगी शिकवणीच्या सेंटरमध्ये असतात. तिथे मुलं स्वतःची शाळा आटोपून येतात, म्हणून तास संध्याकाळी साडेपाच ते नऊ आणि शनिवार-रविवारी जवळजवळ दिवसभर. सुट्टी मिळते ती सोमवार-मंगळवारसारखी, आणि सकाळ सगळी तुमची.

यातूनच क्रिकेटचा निकाल लागतो. बँकॉकचं क्लब क्रिकेट शनिवार-रविवारी चालतं. उत्तर थायलंडमधल्या चियांग माईचा जिमखाना क्लब १८९८ सालचा, तिथली सिक्सेस (सहा-सहा जणांच्या संघांची) क्रिकेट स्पर्धा १९८८ पासूनची. आपल्या पोराला संघ मिळायला वेळ लागत नाही. हनोईत सेंटरची नोकरी धरली की क्रिकेट सुटलंच म्हणून समजा. कृत्रिम गवतावरचं पाच-पाच, सात-सातचं फुटबॉल तिथे जोरात आहे, पण सामने रंगतात संध्याकाळी, आणि त्या वेळी तुम्ही फळ्यासमोर असता. ज्याला ठरलेला संघ, ठरलेला सामना लागतो त्याने थायलंडच धरावं, यात आम्हाला शंका नाही.

थायलंडमध्ये शिक्षकाला स्थानिकांत मिसळवणारा खेळ म्हणजे तक्रॉ, पायाने खेळायचं व्हॉलीबॉलच. शाळेच्या आवारात संध्याकाळी पोरं तेच खेळत असतात. मैदान बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढंच, १३.४ बाय ६.१ मीटर. पुरुषांच्या जाळीची उंची मध्यभागी १.५२ मीटर. एका बाजूला तिघे, आणि चेंडूला हात लावायचा नाही. चेंडू पूर्वी वेताचा विणलेला असे, आता सिंथेटिक असतो. वजन १७०-१८० ग्रॅम. नवखा माणूस फुटबॉलसारखा पायाच्या बोटांनी मारतो आणि चेंडू समोर पळतो. गुडघा बाहेरच्या बाजूला उघडा, घोटा घट्ट धरा आणि पायाची आतली बाजू जमिनीला समांतर ठेवून चेंडू सरळ वर उचला. सुरुवातीला जाळी विसरून दोघांत नुसता हवेत ठेवायचा सराव करा. मांडीच्या आतल्या स्नायूला लचक भरते ती अंग गरम न करता उंच लाथ मारल्याने. कबड्डीवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो : २०१० च्या आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीचं रौप्य थायलंडने जिंकलं होतं.

मुएथाईचं (थाई किकबॉक्सिंगचं) एक सत्र साधारण ३०० ते ५०० बाटला (थाई चलन) पडतं. नवख्याने आठवड्यात दोनच सत्रं करावीत आणि मध्ये दोन दिवस सोडावेत, कारण नडगीची हाडं दुखतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दिवसभर उभं राहायचं असतं. हाताच्या पट्ट्या स्वतःच्या घ्या. दुसऱ्याच्या ओल्या पट्ट्यांनी त्वचारोग होतो.

हनोईची सकाळ मात्र थायलंड देऊ शकत नाही. बीड-परभणीकडे भरतीची पोरं पहाटे पाचला ग्राउंडवर असतात, तशीच होआन कीएम तळ्याकाठी पाच वाजता गर्दी असते : धावणारे, सामूहिक व्यायाम करणारे, फुटपाथवर जाळी बांधून बॅडमिंटन खेळणारे. त्यातच ‘दा काउ’ चालतं. रबराच्या चकत्यांवर पिसं लावलेलं फूल घोळक्याने गोल उभं राहून पायाने उडवत ठेवायचं. गुण नाहीत, संघ नाही, म्हणून अनोळखी माणसालाही सहज आत घेतात. रात्री नऊला सुटणाऱ्याने पहाटे उठायचं तर साडेदहाला झोपावं लागेल. सहकाऱ्यांबरोबर रोज रात्री जेवायला गेलात तर ही सकाळ हातची जाते, आणि बहुतेकांची जाते ती अशीच.

आडवारच्या सुट्टीचा फायदाही मोठा. हनोईहून निन्ह बिन्ह साधारण ९० किलोमीटर, आणि तिथल्या डोंगर-पाण्यातून फिरवणाऱ्या चांग आनच्या नावा मंगळवारी निवांत मिळतात.

हवेचं दोन्हीकडे नीट बघा. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. तिकडच्या दमटपणात घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, म्हणून ४२ अंशांत धावलेला माणूस ३४ अंशांत गळून जातो. शरीर सरावायला १० ते १४ दिवस लागतात, तोवर नेहमीच्या निम्मंच धावा आणि पाण्यासोबत ओआरएस घ्या. चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-रानं जाळल्याचा धूर असतो आणि हनोईत हिवाळ्यात हवा खराब. त्या महिन्यांत बॅडमिंटन किंवा पोहणं, तेही बंदिस्त जागेत.

करारावर सही करण्याआधी लेखी विचारा : सुट्टीचे दोन दिवस सलग आहेत का, आणि एकाच दिवशी सकाळी दोन तास व संध्याकाळी तीन तास अशी तुकड्यांची ड्युटी आहे का? तुकड्यांची ड्युटी असेल तर हनोईची सकाळही गेली, मग तिकडे जाण्यात खेळाच्या दृष्टीने काही अर्थ नाही. पैसे घेऊन क्रिकेट शिकवायचा विचार असेल तर थांबा. वर्क परमिट ठरलेल्या कामापुरतंच असतं.

मैदानावर जायला स्कूटर घ्याल, तर भारतातलं आंतरराष्ट्रीय लायसन्स रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या करारातलं असतं आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतं, म्हणजे ते तिथे चालत नाही. तिथे निवासाचं कार्ड हाती आल्यावर आपलं लायसन्स स्थानिकात बदलून घ्या, नाहीतर अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते.