हातात धरायचा खोलीमापक: खाडीचे पाणी मोजण्यासाठी किती उपयोगी?

सोलापूरला समुद्र नाही. तरीही भूगोलाच्या विद्यार्थ्यांना कोकणात नेल्यावर ‘या खाडीत पाणी किती, आणि दर भरतीला त्यातले बदलते किती’ हा प्रश्न त्यांनी स्वतः मोजून सोडवावा, म्हणून मी ध्वनिलहरींवर चालणारा, बॅटरीएवढा खोलीमापक विकत घेतला. नेण्याआधी तो हिप्परग्याच्या तलावात, शिशाचे वजन बांधलेल्या दोरीशेजारी बुडवून तपासला. दोन्ही मापांत बोटभराहून अधिक फरक पडला नाही. फक्त काठच्या दाट पाणवनस्पतींच्या शेंड्यांनाच त्याने तळ मानले.

खाऱ्या पाण्यात मात्र सावध राहावे लागते. २५ अंश सेल्सिअसला ध्वनी गोड्या पाण्यात सेकंदाला सुमारे १४९७ मीटर, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५३५ मीटर जातो. यंत्र गोड्या पाण्यासाठी जुळवलेले असल्याने ८ मीटर खोली जवळजवळ २० सेंटीमीटरने कमी दिसते. ही चूक गुणाकाराने सुधारता येते.

नोंदीसोबत वेळ साठवण्याची सोय नसणे हा त्याहून मोठा दोष आहे. भरतीची उंची २ मीटर असेल, तर मधल्या काळात पातळी तासाभरात सुमारे अर्धा मीटर बदलते. त्यामुळे प्रत्येक मापाची वेळ लिहून, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या कोष्टकांवरून सर्व मापे एकाच पातळीवर आणल्याशिवाय घनफळ काढण्यात अर्थ नसतो. आमच्या वहीचा एक रकाना त्यासाठीच राखलेला असतो.

वर्गात मी असे उदाहरण देतो: क्षेत्रफळ ४ चौरस किलोमीटर, ओहोटीची सरासरी खोली ३ मीटर, भरती २ मीटर. ओहोटीला १.२ कोटी, भरतीला २ कोटी घनमीटर पाणी. म्हणजे ८० लाख घनमीटर आत-बाहेर होते. १२ तास २५ मिनिटांच्या चक्राने अडीच भरत्यांत, सुमारे ३१ तासांत पाणी बदलावे. परंतु बाहेर गेलेल्यातले निम्मे पुढच्या भरतीला परत आले, तर हाच काळ ६२ तास होतो. किती परत येते, हे खोलीवरून कळत नाही. त्यासाठी क्षारता मोजावी लागते, आणि विक्रेत्यानेही तसा दावा केलेला नाही. खोलीपुरते हे यंत्र विश्वासाचे आहे. मी ते पुन्हा घेईन, पण दोरी आणि शिसे सोबत ठेवूनच.