डीएनडी तपासणीचा निकाल सीआरएममध्ये नेताना: वर्षभराच्या वापरानंतर

पुण्यात घरं विकणाऱ्या एका कंपनीत लीडचा, म्हणजे घर घेऊ शकणाऱ्या लोकांचा, सगळा डेटा माझ्याकडे असतो. प्रदर्शनात भरलेले फॉर्म, पोर्टलवरून आलेल्या चौकश्या, साइट व्हिजिटची वही, चॅनेल पार्टनरनी (आमची घरं विकून देणाऱ्या एजंटांनी) दिलेली नावं हे सगळं झोहो सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, येतं. कॉलिंग टीमने फोन उचलण्याआधी प्रत्येक नंबर डीएनडीसाठी ('जाहिरातीचे फोन नकोत' अशी ग्राहकाची नोंद आहे का यासाठी) तपासला गेला पाहिजे, हा नियम आमच्याकडे आहे. म्हणजे सीआरएममधून नंबर बाहेर काढायचे, तपासणी करणाऱ्या सेवेच्या पोर्टलवर चढवायचे, निकालाची फाइल उतरवायची आणि ती परत सीआरएममध्ये भरायची. वर्षभर हे केल्यावर माझं मत असं झालंय की यातली एकही पायरी अवघड नाही. अवघड आहे ते निकालाचा अर्थ न हरवता तो या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणं. आणि त्या अर्थातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे तपासणीची तारीख. ती सोबत गेली नाही तर बाकी सगळं नीट भरूनही उपयोग नाही.

डीएनडी म्हणजे 'हो' किंवा 'नाही' असं आमच्या टीममध्येही बऱ्याच जणांना वाटायचं. प्रत्यक्षात तसं नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे ग्राहक १९०९ या क्रमांकावर आपली पसंती नोंदवतो, आणि ती विषयानुसार वेगळी असू शकते. बँक-विमा वेगळा, शिक्षण वेगळं, आरोग्य वेगळं, पर्यटन वेगळं. रिअल इस्टेट या यादीत दुसऱ्या क्रमांकाला आहे. शिवाय कॉल नको पण मेसेज चालेल, अमुक वेळेत नको, सुट्टीच्या दिवशी नको, असंही सांगता येतं. त्यामुळे एखाद्या चॅनेल पार्टनरने 'डीएनडी काढलेली यादी आहे' म्हणून फाइल पाठवली की मी पहिल्यांदा विचारते, कुठल्या विषयासाठी तपासली? कर्ज विकणाऱ्यासाठी मोकळा असलेला नंबर आमच्यासाठी बंद असू शकतो. दुसरा प्रश्न, कधी तपासली? दोन्हीचं उत्तर मिळालं नाही तर ती यादी मी न तपासलेलीच धरते.

आता फाइलकडे. आमच्या सेवेकडून येणाऱ्या सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये) चार रकाने असतात: नंबर, स्थिती, कारण आणि तपासल्याची वेळ. दिसायला साधी. पण ती डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की नासाडी सुरू होते, आणि ती लगेच लक्षात येत नाही. पोर्टल प्रत्येक नंबरापुढे ९१ लावतं. आकडे बारा होतात, आणि बारा आकडी संख्या एक्सेल ९.१९ई+११ अशी दाखवतं. त्याच अवस्थेत कुणी कंट्रोल-एस दाबलं तर सीएसव्हीमध्ये जे दिसतंय तेच लिहिलं जातं. शेवटचे आकडे कायमचे गेले. शेकडो वेगवेगळे लोक एकाच नंबराचे होऊन बसतात, आणि सीआरएम त्यांना डुप्लिकेट समजतं. ०२०ने सुरू होणाऱ्या लँडलाइनचं पुढचं शून्य गळतं, अधिकचं चिन्ह गळतं. आणि सीआरएममधून काढलेल्या फाइलमध्ये देवनागरी नावं असतील तर त्यांच्या जागी लॅटिन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत असते आणि एक्सेलला ते कळलेलं नसतं.

यावर उपाय एकच: सीएसव्हीवर डबल क्लिक करायचं नाही. कोरी शीट उघडायची, डेटा टॅबमधून 'टेक्स्ट/सीएसव्ही'मधून फाइल आत घ्यायची, यूटीएफ-८ निवडायचं आणि नंबराच्या रकान्याला 'टेक्स्ट' सांगायचं. लिब्रेऑफिस तर उघडतानाच हे सगळं विचारतं, म्हणून आमच्या ऑफिसमध्ये निकालाच्या फाइली आता त्यातच उघडतात. तारखेचंही तसंच. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे तुमच्या संगणकाच्या सेटिंगवर अवलंबून असतं. तपासणीची तारीख हा माझ्या दृष्टीने फाइलमधला सर्वांत मोलाचा रकाना, म्हणून तो मी आयातीआधी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहून घेते.

खरा वेळ जातो तो जोडणीत. तपासणी नंबराची होते आणि सीआरएममध्ये नोंद माणसाची असते. घर घेताना नवरा-बायको दोघं येतात, दोघांची नावं सह-खरेदीदार म्हणून नोंदवतो, आणि फोन नंबर बहुतेक वेळा एकाचाच दोन्हीकडे असतो. मुलासाठी फ्लॅट बघणारे वडील आपला नंबर देतात. उलट बाजूने, एकाच माणसाचे दोन नंबर असतात, त्यातला एक डीएनडीत आणि दुसरा नाही. नंबर हीच ओळख धरून आयात केली तर निकाल दोन नोंदींपैकी एकीवर बसतो आणि दुसरी तशीच राहते. कॉलिंगच्या यादीत मग तोच बंद नंबर बायकोच्या नावाने परत उगवतो.

म्हणून आम्ही ओळख बदलली. सीआरएममधून निर्यात करतानाच प्रत्येक नोंदीचा रेकॉर्ड आयडी (सीआरएमने त्या नोंदीला दिलेला क्रमांक) सोबत काढते. तपासणीच्या पोर्टलला फक्त नंबरांचा एक रकाना लागतो, त्यामुळे आयडी तिकडे जात नाही. निकाल आल्यावर तो मूळ शीटशी एक्स-लूकअप या शोधायच्या सूत्राने जुळवते. इथे एक गोष्ट कायम आड येते. एका शीटमध्ये नंबर टेक्स्ट आणि दुसऱ्यात संख्या असेल तर डोळ्यांना सारखे दिसणारे आकडे जुळत नाहीत. दोन्हीकडे आधी मधल्या मोकळ्या जागा काढल्या आणि मग उजवीकडचे दहा आकडे टेक्स्ट म्हणून घेतले, म्हणजे ९१, अधिकचं चिन्ह सगळं एकदम साफ होतं. मग आयात करताना 'असलेल्या नोंदी अद्ययावत करा' एवढंच निवडायचं आणि आयडीवर जुळवायचं. नवीन नोंद तयार होण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि एकाच नंबराच्या दोन्ही माणसांवर निकाल बसतो.

रिकाम्या चौकोनाबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय, कारण आमच्याकडे सगळ्यात मोठा घोळ तिथेच झाला. आधी वापरात असलेल्या एका सेवेच्या फाइलमध्ये बंद नंबरापुढे 'ब्लॉक्ड' असायचं आणि बाकीच्यांपुढे काहीच नसायचं. काहीच नाही याचा अर्थ तीन प्रकारचा होता: तपासला आणि मोकळा निघाला, नंबर चुकीचा म्हणून तपासलाच नाही, किंवा त्या दिवशी सेवेकडून उत्तर आलं नाही. आयातीनंतर तिन्ही सारखेच दिसत होते. त्यातच एका निवृत्त शिक्षिकांनी आमच्या कॉलिंग टीममधल्या मुलीला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "घर घेतलंय आम्ही, आता कृपा करून फोन करू नका." तिने ते प्रामाणिकपणे त्याच डीएनडीच्या चौकोनात नोंदवलं होतं. पुढच्या आयातीत त्यांच्या नंबरापुढची रिकामी जागा आली आणि ती नोंद पुसली गेली. बाईंना परत फोन गेला. त्या चिडल्या नाहीत, दुखावल्या. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला," एवढंच म्हणाल्या. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

त्यानंतर मी दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या केल्या आणि आज माझं ठाम मत आहे की हे प्रत्येक ऑफिसने पहिल्याच दिवशी करावं. १९०९वर नोंदवलेली पसंती ही एक गोष्ट, आणि ग्राहकाने आपल्याला तोंडाने दिलेला नकार ही दुसरी. पहिली बाहेरून येते, बदलू शकते, पुन्हा तपासायची असते. दुसरी आपल्याकडे दिलेली आहे, आणि ग्राहकाने स्वतः परत चौकशी केल्याशिवाय ती हलत नाही. 'संपर्क नको' हा चौकोन आयातीच्या मॅपिंगमध्ये (फाइलमधला कुठला रकाना सीआरएमच्या कुठल्या चौकोनात जाईल, त्या जोडणीत) कधीच येत नाही. तो फक्त माणूस भरतो, आणि भरणाऱ्याचं नाव व तारीख शेजारी राहते. आयातीच्या पडद्यावर 'रिकाम्या जागांनी असलेली माहिती बदलू नका' असा एक पर्याय असतो. तो मी नेहमी लावते, पण तेवढ्यावर विसंबत नाही. फाइलमध्ये एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही, हे जास्त सुरक्षित. मोकळा असेल तर 'मोकळा', चुकीचा असेल तर 'अवैध', उत्तर नसेल तर 'तपासणी बाकी'. आणि कॉलिंगची यादी 'बंद नसलेले' अशी गाळायची नाही. 'मोकळा' असलेलेच घ्यायचे. आधीच्या पद्धतीत शंकेचा फायदा आम्हाला मिळत होता, आता ग्राहकाला मिळतो.

आयातीच्या त्याच पडद्यावर आणखी एक चौकोन आहे: या नोंदींवर ऑटोमेशन चालवायचं का. आमच्याकडे नवीन लीडला आपोआप स्वागताचा मेसेज जातो. जुन्या हजारो नोंदींवर निकाल भरताना हे चालू राहिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको. ती खूण काढलेली आहे ना, हे आयातीच्या वेळी दोघी मिळून बघतो. आणि आयातीच्या आधी त्या नोंदींची एक पूर्ण निर्यात काढून ठेवतो, कारण चौकोनांतली जुनी माहिती परत मिळवण्याचा तोच भरवशाचा मार्ग.

आता तारखेकडे येते. निकाल शिळा होतो, हे मला या वर्षात पुन्हा पुन्हा पटलं. ग्राहक पसंती केव्हाही बदलू शकतो हे एक कारण. दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं: नंबरच माणूस बदलतो. बंद पडलेला मोबाइल नंबर कंपन्या ९० दिवस तरी दुसऱ्या कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर देऊ शकतात. दीड वर्षापूर्वी प्रदर्शनात सिंहगड रोडच्या टू-बीएचकेची चौकशी करणाऱ्याचा नंबर आज नागपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे असू शकतो. त्याने आमच्याकडे काहीच मागितलेलं नाही, आणि आमच्या सीआरएममध्ये मात्र त्याच्यापुढे हिरवी खूण आहे.

म्हणून प्रत्येक नोंदीत आता 'तपासला त्या दिवशीची तारीख' आणि 'कुठल्या विषयासाठी' हे दोन रकाने आहेत, आणि तारखेवर आपोआप चालणारा एक नियम (वर्कफ्लो) आहे. ठरलेली मुदत उलटली की स्थिती आपोआप 'तपासणी बाकी' होते आणि नंबर कॉलिंगच्या यादीतून बाहेर पडतो. आम्ही मुदत आठवड्याची ठेवली आहे. सुरुवातीला टीम नाराज होती, दर सोमवारी यादी लहान दिसायची. पण सोमवारी सकाळीच ताजी तपासणी करून आयात करायला लागल्यावर तक्रार थांबली, आणि मुली आता फोन लावण्याआधी स्वतःहून तारीख बघतात.

हे सगळं एवढ्या काटेकोरपणे कशासाठी, असं मालकांनी मला विचारलं होतं. तेव्हा मी त्यांना ट्रायच्या नियमावलीतली फेब्रुवारी २०२५ची दुरुस्ती दाखवली. नको असलेल्या कॉलची तक्रार करायला ग्राहकाला आता ३ऐवजी ७ दिवस मिळतात. नोंदणी न करता असे कॉल करणाऱ्यावर कारवाईसाठी आधी ७ दिवसांत १० तक्रारी लागत, आता १० दिवसांत ५ पुरतात. पहिल्या उल्लंघनाला १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा झालं तर सगळ्या लाइन वर्षभरासाठी बंद. साध्या मोबाइलवरून 'सहज एक फोन' करणाऱ्या सेल्समनमुळे हे ओढवू शकतं, कारण प्रमोशनल कॉल १४०ने सुरू होणाऱ्या नंबरांच्या मालिकेतूनच व्हायला हवेत. मालकांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना तंबी दिली. पण खरं सांगते, मला तक्रारींच्या आकड्यापेक्षा त्या शिक्षिकाबाईंचा आवाज जास्त लक्षात आहे.

एक गोष्ट आम्ही उशिरा सुरू केली: फाइली पुसणं. दर आठवड्याला निर्यात काढली की डाउनलोडच्या फोल्डरमध्ये हजारो लोकांची नावं, नंबर आणि बजेट पडून राहतं. व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवलेल्या प्रती वेगळ्याच. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि त्यातल्या बऱ्याच जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. आम्ही आत्ताच ठरवलंय: तपासणीला फक्त नंबर जातो, नाव नाही, फाइल एकाच ठरलेल्या फोल्डरमध्ये, आयात तपासून झाली की त्याच दिवशी पुसायची, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायची नाहीच.

सध्याच्या सेवेबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. निकालात कारण म्हणून नुसतं 'पसंती' येतं. कॉलसाठी बंद की मेसेजसाठी, हे कळत नाही, त्यामुळे आम्हाला दोन्ही बंद धरावं लागतं. आणि रकान्यांची नावं मध्येच न सांगता बदलतात, मग साठवलेलं मॅपिंग निकामी होतं. सेवा वेगवान आहे, फोनला उत्तर देतात, म्हणून अजून टिकून आहोत.

तुमच्याकडे आठवड्याला शे-दोनशे नंबर असतील तर हाताने फाइल नेणं-आणणं पुरेसं आहे, थेट एपीआय जोडणीवर (दोन सॉफ्टवेअरनी फाइलीशिवाय परस्पर डेटा देणं-घेणं) खर्च करू नका. त्याहून जास्त असतील तर करा, पण रकाने आणि मुदत आधी हाताने ठरवून, काही आठवडे वापरून बघून मगच. नवीन सेवा घेणार असाल तर दर विचारायच्या आधी नमुना निकालाची फाइल मागा. त्यात एक मुद्दाम चुकीचा नंबर, एक लँडलाइन, आणि स्वतःचा डीएनडीत असलेला नंबर घाला. चुकीच्या नंबरापुढे काय लिहून येतं आणि प्रत्येक ओळीला तपासल्याची वेळ आहे का, एवढं बघितलं की त्यांच्याशी पुढे बोलायचं की नाही ते ठरवता येतं.