घरचा मॅजिक पिट: काळ्या जमिनीतला तीन पावसाळ्यांचा अनुभव

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली, जिल्हा परिषदेने तीच पद्धत पुढे गावोगाव नेली, आणि हा खड्डा ‘मॅजिक पिट’ या नावाने मराठवाडाभर ओळखला जाऊ लागला. आमच्या परसात तो तीन पावसाळ्यांपासून वापरात आहे. खड्डा घ्यावा की नाही, या विचारात असणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

रचना साधी आहे. ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ४ फूट खोल खड्ड्याच्या मधोमध सिमेंटची टाकी बसवतात. तिच्या वरच्या भागाला भोके असतात, भोवती दगडगोटे भरतात आणि तोंडावर घट्ट झाकण ठेवतात. न्हाणीघराचे व मोरीचे पाणी आधी या टाकीत येते, गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी भोकांमधून दगडांत व तिथून जमिनीत मुरते. जुन्या पद्धतीच्या शोषखड्ड्यात पाणी थेट दगडांवर पडत असल्यामुळे साबणाचा व तेलाचा थर फटींमध्ये बसतो आणि खड्डा तुंबला की सारे दगड उपसावे लागतात. इथे मात्र झाकण काढून गाळ बादलीने काढता येतो. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल या टाकीत आहे.

तरीही आमचा पहिला खड्डा फसला. काम घेतलेल्या माणसाने ठरलेले ४ फूट मोजून खोदाई थांबवली, पण आमच्याकडे काळी माती त्याहून खोल आहे आणि ती ओली झाली की फुगून पाणी मुरूच देत नाही, त्यामुळे पहिल्याच श्रावणात पाणी मोरीतून उलटे घरात आले. हा दोष पद्धतीचा नव्हता. जमीन न पाहता माप लावले गेले होते. दुसऱ्या वेळी मुरूम लागेपर्यंत, म्हणजे साडेसहा फूट खोदले, आणि त्यानंतर भर पावसातही पाणी वर आलेले नाही. काळ्या जमिनीत राहणाऱ्यांनी मुरूम लागल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय टाकी बसवू देऊ नये.

नळ आल्यानंतर हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. जलजीवन मिशनचे माप माणशी दररोज ५५ लिटर आहे. त्यातले दोन-तृतीयांश पाणी सांडपाणी होते असे धरले, तर पाच माणसांच्या घरातून रोज सुमारे १८० लिटर बाहेर पडते. वरच्या मापाच्या खड्ड्याचे एकूण आकारमान ६४ घनफूट, म्हणजे जेमतेम १,८०० लिटर, आणि त्यातली बरीच जागा दगड व्यापतात. रोजचे पाणी रोज मुरले तरच तो पुरतो, म्हणूनच मुरुमाचा एवढा आग्रह धरावा लागतो.

डासांबाबत मी पूर्ण समाधानी आहे, पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास आमच्या गल्लीतून जवळजवळ नाहीसे झाले, कारण गटारच उरले नाही. डेंग्यूचे एडिस डास मात्र स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतात, त्यामुळे रांजण व टाक्यांसाठी आठवड्याचा कोरडा दिवस पाळावाच लागतो.

देखभाल थोडी आहे, पण ती टाळता येत नाही. मोरीच्या तोंडाशी जाळी लावावी, खरकटे व राख पाण्यात जाऊ देऊ नये, आणि दर दोन-तीन महिन्यांनी गाळ काढावा. शौचालयाचे पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नये. हे काम रोजगार हमी योजनेतूनही घेता येते, त्यासाठी ग्रामपंचायतीत विचारावे.

विहीर किंवा हातपंप जवळ असेल, तर मात्र मी या खड्ड्याची शिफारस करणार नाही. आमच्या गल्लीतल्या दोन घरांची विहीर परसातच आहे. त्यांनी खड्डा न घेता मोरीचे पाणी विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला लावलेल्या केळी आणि कर्दळीच्या वाफ्यात सोडले आहे, आणि त्यांच्या जागेसाठी तेच योग्य आहे.