शनिवारचा आर क्लास: फंक्शनचं माहेर झकास, मशीन जुनाट

दूध संकलन केंद्राचा हिशेब मी बघते. एक्सेलला वैतागून चार शनिवारांचा आर प्रोग्रॅमिंगचा क्लास लावला, फी ३,२०० रुपये. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

आधी चांगलं. तिसऱ्या शनिवारी स्कोप, म्हणजे फंक्शन एखादं नाव कुठे शोधतं ते, शिकवलं आणि माझे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले. सरांनी फळ्यावर 'दर' ३४ लिहिला, खाली दुधाचं बिल काढणारं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा. मग दुसरं एक फंक्शन, त्याच्या पोटात 'दर' ३६, आणि तिथून बिलाच्या फंक्शनला हाक. दहा लिटरचं बिल किती? आम्ही एका सुरात ३६०. स्क्रीनवर ३४०. सर म्हणाले, "फंक्शनला स्वतःच्या घरात वस्तू सापडली नाही तर ते माहेरी जातं, म्हणजे जिथे लिहिलं गेलं तिथे. जिथून बोलावलं त्या घरी हात पसरत नाही." मागच्या बाकावर खसखस पिकली, पण मी तरी हे आता विसरत नाही.

कंडिशनच्या तासाला मात्र घोळ झाला. माझ्या २१२ नोंदी. फॅट साडेतीनच्या खाली असेल तर 'कमी', नाहीतर 'ठीक', एवढंच हवं होतं. इफ आणि एल्स लिहिलं, तर कॉलमभर 'कमी'. ४.२ वाल्यालाही! खाली वॉर्निंग आली होती. विचारलं तर, "एरर नाही ना? पुढे चला."

घरी लॅपटॉपवर तोच कोड चालेचना, थेट एरर. शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. इफला एका वेळी एकच हो-नाही लागतं. क्लासच्या मशीनवर आरची जुनी ३.६ आवृत्ती, तिथे ते पहिली नोंद बघून वॉर्निंगवर भागवतं. २०२२ च्या ४.२ आवृत्तीपासून सरळ एरर देतं. अख्ख्या कॉलमसाठी जोडून लिहिलेलं इफएल्स हे वेगळं फंक्शन आहे. त्यातून 'कमी' निघाले फक्त ३१. माझी पहिली नोंद ३.३ ची, म्हणून चूक डोळ्यांत तरी आली. ती ३.८ असती तर सगळे 'ठीक' दिसले असते आणि मी तशीच यादी पुढे पाठवली असती.

सरांना दाखवलं, त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. मशीन अजून तीच आहेत. जाणार असाल तर स्वतःचा लॅपटॉप न्या. पाचपैकी साडेतीन, त्यातला अर्धा चहाचा.