क्रेडल ऑफ फॉरेस्ट्री, नॉर्थ कॅरोलायना : आतल्या म्युझियममध्ये अडकू नका, ट्रेलवर चाला

अ‍ॅशव्हिलला येणारे सगळे जॉर्ज व्हँडरबिल्ट या कोट्यधीशाने बांधलेला बिल्टमोरचा तो राजवाडा बघतात आणि परत फिरतात. पण त्याच व्हँडरबिल्टच्या जुन्या जंगलात, आता जे पिस्गा नॅशनल फॉरेस्ट आहे त्यात, ब्रेव्हर्डकडून २७६ नंबरच्या रस्त्याने वर गेलं की क्रेडल ऑफ फॉरेस्ट्री लागतं आणि मला विचाराल तर खरी बघायची जागा ही. अमेरिकेतली वनशास्त्राची पहिली शाळा इथली, १८९८ ला सुरू झालेली, आणि ती चालवली एका जर्मन माणसाने, डॉ. कार्ल शेंक.

मी आईबाबांना घेऊन गेले होते. बाबांची सगळी नोकरी वनखात्यात झाली, त्यामुळे ब्रँडिस हे नाव त्यांना पाठ. डिट्रिच ब्रँडिस म्हणजे ब्रह्मदेशातल्या सागवानाची व्यवस्था लावणारा, १८६४ ला हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झालेला, डेहराडूनची फॉरेस्ट स्कूल काढणारा. तर हा शेंक त्याच ब्रँडिसच्या हाताखाली तयार झालेला आणि व्हँडरबिल्टकडे त्याची शिफारसही ब्रँडिसनेच केलेली! हे कळल्यावर बाबा प्रत्येक पाटी उभं राहून वाचत होते, आम्हाला पुढे जाऊ देईनात.

डिस्कव्हरी सेंटरमधलं प्रदर्शन लहान मुलांना आवडेल, तिथे थोडा वेळ द्या आणि बाहेर पडा. बिल्टमोर कॅम्पस ट्रेल साधारण दीड किलोमीटरचा, पक्का बांधलेला, थोडा चढउतार आहे पण गुडघेदुखीवाले बाबा आरामात चालले. वाटेत शाळेची एक खोली आहे, जुन्यासारखी परत उभारलेली, आणि लाकडी घरं. पोरं डोंगरातल्या शेतकऱ्यांनी सोडलेल्या खोपटांत राहायची आणि त्यांना नावं काय ठेवलेली तर हेल होल वगैरे. सकाळी वर्गात लेक्चर आणि दुपारी घोड्यावर बसून सरांच्या मागे जंगलात, झाडं मोजा, रस्ता आखा, लाकूड कापायची गिरणी बघा. वर्षभराचा कोर्स आणि वर सहा महिने प्रत्यक्ष काम केल्यावर डिग्री. मला हे फार पटलं, जंगल शिकवायचं तर जंगलातच शिकवलं पाहिजे. त्याच वर्षी कॉर्नेल युनिव्हर्सिटीतही फर्नो नावाच्या दुसऱ्या जर्मनाने फॉरेस्ट्री कॉलेज काढलं होतं, ते १९०३ ला सरकारने पैसे थांबवल्यावर बंद पडलं. शेंकची शाळा त्यानंतर दहा वर्षं टिकली.

आणि ती टिकली कशी ते वाचून मी खरंच हलले. १९०९ ला व्हँडरबिल्टशी बिनसलं, नोकरी गेली, जंगलही गेलं, तर या माणसाने शाळा बंद न करता पोरांना घेऊन गावोगावच्या जंगलांत फिरत शिकवलं, थेट १९१३ पर्यंत. मग जर्मनीला परत. अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंचो, त्याच्याशी शेंकचे मतभेद होते, जंगलाने मालकाला पैसे मिळवून दिले तरच मालक जंगल राखेल असं शेंकचं म्हणणं, आणि मला वाटतं खाजगी जंगलाबाबत त्याचंच बरोबर होतं. १९५२ ला नॉर्थ कॅरोलायना स्टेटने त्याला मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता.

मुलं बरोबर असतील तर दुसरा फॉरेस्ट फेस्टिव्हल ट्रेल चुकवू नका, त्यावर १९१४ चं लाकूड ओढणारं क्लायमॅक्स जातीचं रेल्वे इंजिन आहे.

हिवाळ्यात बंद असतं. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने या सगळ्या भागाचं खूप नुकसान केलं त्यामुळे काय काय उघडं आहे ते निघायच्या आधी बघूनच घ्या, वर डोंगरात फोनला रेंज जवळजवळ नसतेच, मॅप डाउनलोड करून ठेवा. सकाळी लवकर गेलात तर परतताना त्याच रस्त्यावर स्लायडिंग रॉक आणि लुकिंग ग्लास धबधबा दोन्ही होतात.