कर्करोगाच्या रुग्णांसाठीची नागपुरातील एक धर्मशाळा : सात आठवड्यांच्या मुक्कामानंतर

माझ्या यजमानांना गेल्या वर्षी जिभेच्या कडेचा कर्करोग निघाला. वीस वर्षे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाल्ला, त्याचे ते फळ होते, हे डॉक्टरांनी सांगण्याआधीच आम्हा दोघांना कळले होते. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराच्या ३३ पाळ्या सांगण्यात आल्या, आठवड्याला पाच याप्रमाणे. ब्रह्मपुरीहून रोज येणे-जाणे शक्य नव्हते आणि सात आठवडे नातेवाइकांच्या दोन खोल्यांत आजारी माणसाला घेऊन राहणे मनाला पटत नव्हते. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांनी एक चिठ्ठी दिली आणि त्या चिठ्ठीवर आम्हाला या धर्मशाळेत दोन खाटा मिळाल्या. खाटा मोजक्या आहेत आणि प्रवेश अशा चिठ्ठीवरच मिळतो, म्हणून धर्मशाळेचे नाव येथे देत नाही. ज्यांना गरज असेल त्यांनी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारावे.

सोयींबद्दल आधी लिहिते. खाटेचे रोजचे चाळीस रुपये आणि पाचशे रुपये अनामत, जी निघताना पूर्ण परत मिळाली. रुग्ण व सोबती अशा दोघांची आधार कार्डे आणि रुग्णालयाचे कागद दाखवावे लागतात. आम्ही एप्रिल-मे महिन्यांत होतो. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ अंशांवर. दालनात दोन मोठे कूलर आहेत आणि वाळ्याच्या ताट्या वेळेवर भिजवल्या जातात, त्यामुळे दुपारी रुग्णांना डोळा लागतो. दुपारचे जेवण तीस रुपयांत मिळते. पोळ्या मऊ असतात, भाजी कमी तिखटाची असते. ज्यांना स्वतः रांधायचे आहे त्यांच्यासाठी मागच्या बाजूला चार शेगड्यांचे स्वयंपाकघर मोकळे आहे.

माझ्या दृष्टीने या वास्तूतील सर्वांत महत्त्वाची वस्तू त्या स्वयंपाकघरातला मिक्सर आहे. ‘लाईट’ सुरू झाल्यावर (किरणोपचाराला तिथे सगळे लाईटच म्हणतात) तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघते, लाळ आटते आणि पाण्याचा घोटसुद्धा टोचतो. मग वरण-भात, लापशी, उकडलेला दुधी, जे असेल ते वाटून, गाळून, कोमट करून चमच्याने द्यावे लागते. काहींना नाकातल्या नळीतून द्यावे लागते. सकाळी साडेसातला त्या मिक्सरपुढे आम्हा बायकांची रांग लागायची. भांड्याचे झाकण तडकलेले असल्यामुळे त्यावर सुती कापडाची घडी ठेवून तळहाताने दाबून धरावे लागे. तिथला अलिखित नियम असा होता, की आपले वाटण झाले की भांडे स्वच्छ विसळून, पुसून पुढचीच्या हाती द्यायचे. कोणाच्या भांड्यात अंडे असे, कोणाच्या घरी कांदा-लसूणही चालत नसे. सात आठवड्यांत त्यावरून एकही वाद झालेला मी पाहिला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते. मी लहानपणापासून देव मानणारी आहे. घरात एकादशी, गुरुवार, तिन्हीसांजेचा दिवा कधी चुकला नाही. तरीही चौथ्या आठवड्यात, यजमानांचे वजन नऊ किलोंनी उतरलेले असताना आणि चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळून त्यांना यंत्राखाली निजवले जाताना दाराबाहेर बसून, माझ्या तोंडून देवाचे नाव निघेनासे झाले. राग होता, आणि रागाखाली भीती होती. भेटायला येणारे सांगत, की देव परीक्षा पाहतो आहे, मागच्या जन्मीचे काही असेल. एकाने तर उपचार सोडून कुठल्याशा जडीबुटीवर ‘श्रद्धा ठेवण्याचा’ सल्ला दिला. यांतले एकही वाक्य मला त्या बाकावरून उठवू शकले नाही. म्हणूनच धर्मशाळेच्या जिन्यात लावलेला एक फलक, ज्यावर देव आपल्या लाडक्यांनाच दुःख देतो अशा अर्थाचा मजकूर आहे, तो विश्वस्तांनी उतरवावा, असे मी मनापासून सुचवते. ज्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही, त्याने दिवसातून चार वेळा तो मजकूर वाचत जिना चढू नये.

मात्र त्याच धर्मशाळेत सूर्यास्ताला सामुदायिक प्रार्थना होते, आणि तिच्याबद्दल मी कृतज्ञतेने लिहिते. विदर्भात ही प्रार्थना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगावी रुजवली. नागपुरातील जुन्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे आणि १९६८ साली स्वतः महाराजही याच रोगाने गेले, हे तिथे आलेल्या पुष्कळांना ठाऊक असते. व्यवस्था पाहणारे वयस्क भाऊ खंजिरी घेऊन बसतात, सतरंजी अंथरली जाते, ज्यांना बसवत नाही ते खाटेवरूनच ऐकतात. पहिल्या दिवशी मी मागे भिंतीला टेकून गप्प बसले होते. दुसऱ्या दिवशी भाऊ जवळ येऊन म्हणाले, “ताई, म्हणावंसं वाटत नसंल तर म्हणू नका. आम्ही म्हणतो, तुमी बसा.” त्यांनी मला काही समजावले नाही आणि माझ्या श्रद्धेची चौकशीही केली नाही. पुढे दहा-बारा दिवस मी नुसती बसत राहिले, आणि माझ्या वाटचे शब्द दुसरे लोक म्हणत राहिले.

त्या दिवसांत मला आपल्या संतपरंपरेतील एक गोष्ट नव्याने कळली. जनाबाई विठ्ठलाला रागाने वाटेल ते बोलते. देहूच्या तुकोबांच्या घरी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. त्यांनीही देवाशी भांडण मांडले, पण भांडायलासुद्धा ते त्याच्याच दारी गेले. विश्वास म्हणजे तक्रार नसणे, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. तक्रार कोणाकडे करायची हे ठाऊक असणे, हाही विश्वासच असतो, हे त्या सतरंजीवर बसून माझ्या मनात उतरले. तेराव्या-चौदाव्या दिवशी शेवटची आरती मी म्हटली. आवाज फुटत नव्हता, तरी म्हटली.

आमच्या शेजारच्या खाटेवर बालाघाटकडचा एक तरुण होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो रुग्णालयातच गेला. त्याचे वडील सामान न्यायला धर्मशाळेत परतले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि खंजिरी सुरू होती. त्यांनी दारातच चपला काढल्या आणि शेवटच्या ओळीत मांडी घालून ते बसले. हात जोडले नाहीत, टाळीही दिली नाही. भाऊंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिले आणि प्रार्थना नेहमीपेक्षा सावकाश चालवली. प्रार्थना संपल्यावर एका बाईने त्यांच्यापुढे चहाचा पेला ठेवला, तो त्यांनी घेतला. मी त्या रात्री देवाला काही मागितले नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. चोवीस खाटांना दोनच शौचालये आहेत, पहाटे रांग लागते आणि अशक्त रुग्णांचे हाल होतात. वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट नाही, म्हणून चिठ्ठी दाखवतानाच तळमजल्याची खाट मागून घ्यावी. गरम पाणी सकाळी आठनंतर मिळत नाही. स्वतःचा चमचा, बारीक गाळणी, दोन झाकणाचे डबे आणि पातळ चादर सोबत न्यावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिकेची मूळ प्रत जवळ ठेवावी. आम्ही ती घरी विसरलो आणि एक दिवस त्यात गेला.

उपचार पूर्ण झाले आहेत. यजमान आता मऊ भात आणि कढी खाऊ शकतात, चव मात्र अजून परतलेली नाही, आणि पुढे काय होईल हे दर तीन महिन्यांच्या तपासणीत कळत जाईल. मागच्या तपासणीला आलो तेव्हा मिक्सरचे नवे भांडे झाकणासह देऊन आलो. भाऊंनी पावती फाडली, आणि सूर्यास्त होईपर्यंत थांबता का, एवढेच विचारले. आम्ही शेवटची एसटी सोडून थांबलो.